भिंतीवरचा कीबोर्ड

मानवजातीच्या इतिहासात तीन क्रांत्या झाल्या: अग्नी, चाक आणि संगणक. पैकी तिसरी डोळखांबच्या पलीकडल्या टेपाचीवाडीत २००४ च्या जुलैत बैलगाडीतून आली. पाड्यात वीज नव्हती. शिक्षण खात्याच्या साहेबांनी शाळेत फीत कापली, खोक्याला हार घातला आणि जाताना बजावलं, "वीज येईपर्यंत उघडू नका. दमट हवा आहे." विजेचे खांब ओढ्याच्या पलीकडे येऊन थांबले होते. बैलांसारखेच तेही पाणी उतरण्याची वाट बघत असावेत.

शाळेला एकच शिक्षक, ज्ञानेश्वर गुरुजी, मूळचे मुरबाडकडल्या धसईचे. मुरबाडला त्यांचं तीन दिवसांचं संगणक-प्रशिक्षण झालं होतं. तीस शिक्षकांत दोन संगणक. गुरुजींच्या हाती माउस एकदाच आला, तोही बंद करायच्या वेळी. मात्र मिळालेल्या पुस्तिकेत कीबोर्डचं चित्र होतं. ते घेऊन गुरुजी सकुबाईकडे गेले. सकुबाई शाळेत खिचडी शिजवायची आणि पाड्यातल्या लग्नांत भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायची.

"हा चौक लिहून द्या, सकुबाई."

"कोणाचं लगीन?"

"कोणाचंच नाही. मुलांना शिकायचंय."

सकुबाईने चित्र निरखलं. "यातली घरं रिकामी हायत. चौकात रिकामं घर ठेवत नाय, गुरुजी. रिकाम्या घरात कोण राहील?"

मग ज्या घरांत अक्षर नव्हतं तिथे तिने आपल्या मनाने वस्ती केली. खालच्या लांब पट्टीत भाताचं खाचर आणि त्यात सात बगळे. वाकड्या बाणाच्या घराशी ती अडली. "हे काय?"

"ते दाबलं की खाली जायचं."

"कळलं," म्हणत तिने तिथे दर दिवाळीनंतर पाड्याला खाली वीटभट्टीवर नेणारा ट्रक काढला.

पावसाळाभर मुलं त्या भिंतीवर लिहीत राहिली. दारातून धुकं आत येई आणि बगळे हलल्यासारखे वाटत. चौथीतल्या भागीची बोटं सगळ्यात चपळ. बी, एच, ए, जी, आय. मग बगळ्यांवर एक टिचकी.

"गुरुजी, लिवलं. दिसल कुठं?"

"पडद्यावर."

"पडदा कुठं?"

"खोक्यात."

भागी डोळे मिटायची. मिटल्या डोळ्यांपुढे तिचं नाव खाचराच्या बांधावरून एकेक अक्षर पाय उचलत चालायचं, कडेला पोचलं की पंख पसरायचं. ती उठायची तेव्हा बोटांना पीठ असायचं. एवढं एकच तिला हवं होतं. ते नाव उघड्या डोळ्यांनी एकदा बघायचं.

भात पिकलं, कापलं, झोडलं. खांब ओढ्यापलीकडेच. दिवाळी झाली आणि भिवंडीकडच्या भट्ट्यांचे ट्रक आले. भागीचा बाप कान्हा बोचकी चढवत होता. भागी धावत शाळेत आली.

"लाइट आली ना गुरुजी, तर पयलं नाव माझंच. मी येस्तवर कोणाला बोट लावू देऊ नका. तुमी पण नाय."

"नाही लावणार."

"तुमचा भरवसा नाय. शपथ घ्या."

"कशाची?"

भागीने इकडेतिकडे बघितलं. "बगळ्यांची."

गुरुजींनी भिंतीला हात लावला. ट्रकच्या फळीवर बसलेली भागी वळणाआड जाईपर्यंत आपल्याच गुडघ्यावर काहीतरी लिहीत होती.

वीज जानेवारीत आली. पटावर सत्तावीस मुलं, हजर तीन. गुरुजींनी खोकं उघडलं, पुस्तिका मांडीवर घेऊन तारा जोडल्या. पडदा निळा झाला. ती निळाई भिंतीवर पडली आणि पिठाचे बगळे पाण्यात उभे असल्यासारखे दिसू लागले. दर शनिवारी गुरुजी तो निळा उजेड लावायचे. तिघं मुलं आणि सकुबाई त्याच्यासमोर मांडी घालून बसायची. बोट कोणी लावत नव्हतं.

"एवढा उजेड, न् लिवत काहीच नाय?" सकुबाईने एकदा विचारलं.

"वाट बघतोय."

"बरं," ती म्हणाली आणि पदर सावरून पुन्हा बघत बसली.

एप्रिलमध्ये साहेब तपासणीला आले. त्यांनी संगणक उघडला, इकडेतिकडे शोधलं.

"गुरुजी, यात एक अक्षरही टाइप झालेलं नाही."

"नाही, साहेब."

"का?"

गुरुजींनी भिंतीकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. त्यांना तिथे चौक दिसला.

"लग्न होतं का इथे?"

अहवालात 'वापर: शून्य' अशी नोंद झाली. आठवड्याने टेम्पो आला आणि संगणक त्याच खोक्यात बसून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत गेला. सुकलेला हार गुरुजींनी काढून ठेवला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी भागी सगळ्यांच्या आधी दारात उभी होती. उंच झाली होती, तळहात विटांनी खरबरीत. तिने संगणकाच्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं, मग गुरुजींकडे.

"लिवलं का कोणी?"

"कोणीच नाही."

भागी हसली. भिंतीपाशी गेली, सावकाश पाच अक्षरं दाबली, बगळ्यांवर टिचकी मारली आणि डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. गुरुजींनी नवं हजेरीपत्रक उघडलं. त्यात तिचं नाव नव्हतं. भागी पाचवीत गेली होती आणि शाळा चौथीपर्यंतच होती.