आण्णासाहेबांचं तोंड

बोरगावच्या शालनला पन्नाशीत चित्रकलेचा नाद लागला आणि घरच्या चुलीला कागद कमी पडेनात. दर रविवारी ती निपाणीला क्लासला जायची आणि आठवडाभर कागद फाडायची. एक रेघ चुकली की तिला सगळ्या कागदाचीच शिसारी यायची. खोडायची, घासायची, कागदाला भोक पाडायची आणि मग चोळामोळा करून चुलीत.

"काकू, चुकलेल्या रेघेवरनंच पुढं जायचं," क्लास घेणारी दिव्या सांगायची. शालनला ते पटावं तरी कसं? जैन मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका, म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक, लावण्यात तिची हयात गेलेली. दाणा न् दाणा शोधून घ्यायचा, कारण घासात एक केस निघाला तर अंतराय होतो आणि महाराज तिथंच जेवण सोडून उठतात. चौक्यात ते बरोबरच आहे. पण कागदाचाही चौका करून बसणाऱ्या बाईला काय म्हणावं?

त्यात गेल्या पावसाळ्यात तिच्या नवऱ्याला, आण्णासाहेबांना, लकवा मारला. पाय सावरले, पण उजवा हात लुळा राहिला आणि उजवीकडं तोंड ओघळलं ते ओघळलंच. भरवताना भात बाहेर यायचा, लाळ छातीवर उतरायची. शालन भरवायची, पुसायची, सेवेत कुठं उणी पडली नाही. फक्त भरवताना तिची नजर खिडकीकडं असायची. तिला किळस यायची, आणि आपल्याला किळस येते याची त्याहून जास्त यायची.

घरातल्या कुणाला तरी समोर बसवून चेहरा काढून आणा, असं दिव्यानं सांगितलं, तेव्हा आण्णासाहेब म्हणाले, "माझं काढ." शब्द चोथा होऊन बाहेर पडले.

"तुमचं मला न्हाय जमायचं. गोमटेशला सांगते, पोरगं मोबाईलवर फोटो काढंल की."

"आरशात रोज बघतोय मी. तुला कसा दिसतोय ते बघायचंय. तू माज्याकडं बघतच न्हाईस."

ती कागद घेऊन बसली. कपाळ झकास उतरलं, नाकही. ओठ आले आणि हात आपसूक सरळ वळला. तिनं आठवणीतलं तोंड काढलं.

"ह्यो कोण? भिंतीवर हार घालून लावत्यात, तसा दिसाय लागलाय."

तिनं कागद फाडला. दुसरा फाडला. तिसऱ्याला आण्णासाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ दे," आणि भिंतीकडं वळले. जेवायची वेळ झाली, ती ताट घेऊन आली, तर माणूस तोंड उघडेना. दिवस मावळल्यावर या घरात कुणी अन्नाला शिवत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ऊन समोरच्या कौलांवर चढलं होतं.

शालननं ताट बाजूला ठेवलं. "हिकडं तोंड करा," ती म्हणाली आणि यावेळी तिनं बघितलं. ओठाचा लोंबणारा कोपरा, आतली ओली लाली, हनुवटीवर वाळलेलं दुपारचं शीत. रेघ वाकडी गेली आणि हात खोडरबराकडं वळला. पण खोडत बसलं की नजर कागदातच राहते, आणि एकदा खाली गेलेली नजर आता परत वर यायची नाही, हे तिला पक्कं कळलं. तिनं चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी ओढली. मग तिसरी.

आण्णासाहेबांनी डाव्या हातानं कागद धरला. तीन-तीन रेघांचं, लडबडलेलं, ओघळलेलं तोंड ते बराच वेळ बघत राहिले.

"ओंगळ हाय."

"व्हय."

"किळस येतिया तुला?"

शालननं त्यांच्या तोंडावरची नजर हलवली नाही. "येतिया," ती म्हणाली.

आण्णासाहेबांनी कागद मांडीवर ठेवला.

"मग भरव आता," ते म्हणाले, "पर असंच बघत."