उलटं फिरणारं ड्रिल

माणसाची सगळी प्रगती एका भोकातून झाली आहे. भोक नसतं तर बिजागरी नसती, बिजागरी नसती तर दार नसतं, आणि दार नसतं तर माणसाने कुणाच्या तोंडावर काय आपटलं असतं? हा सिद्धांत माझ्या सासऱ्यांचा. ते पन्नास वर्षं सुतार होते. न्हावी असते तर प्रगती केसांतून झाली असती.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली आणि हत्यारं धूळ खात पडली. शेवटी त्यांनीच जाहीर केलं, "रविवारपर्यंत डाव्या हाताने एक भोक पाडलं तर हत्यारं घरात राहतील. नाही तर सगळी भाच्याला." भाचाही सुतार, तो टेम्पो ठरवून मोकळा झाला.

विजेचं ड्रिल त्यांना चालत नाही. "ते भोक पाडत नाही, नुसतं बोंबलतं." म्हणून त्यांच्या आजोबांचं हातड्रिल माळ्यावरून उतरलं. वर छाती टेकवायला लोखंडी पट्टी, खाली भोक पाडणारं बिट, बाजूला दातेरी चाकं, ती फिरवायचा दांडा आणि सगळीकडे गंज. दुरुस्ती माझ्याकडे आली, कारण मी कॉलेजात इतिहास शिकवतो.

दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून मी दाते मोजले. मोठ्या चाकाला साठ, छोट्याला पंधरा. म्हणजे दांड्याचा एक फेरा की बिटाचे चार! हे मी घरभर सांगत सुटलो.

"तुझंही तसंच आहे," बायको म्हणाली. "एक गोष्ट कळते, चारदा सांगतोस."

दांडा होता उजवीकडे. मी चाकासकट तो डावीकडे बसवला. शनिवारी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, फिरवून पाहिलं. बिट लाकडाला नुसतं गोंजारत राहिलं.

"उलटं फिरतंय," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही दांडा उलटा फिरवा ना, बाबा."

"जन्मभर पुढे ढकललाय, जावईबापू. आता मागे ओढू? विहिरीवर उभा आहे का मी?"

मी सगळं पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. पुन्हा उलटं. शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "चाक होतं तिथेच राहू द्या. नुसता दांडा इकडे आणा. चाकाची बाजू बदललीत तर छोटं चाक उलटंच ढकललं जाणार ना?"

आस आरपार होती. दांडा दुसऱ्या टोकाला मुकाट बसला.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"सकाळीच. पण तुम्ही बोलत होतात."

रविवारी भाचा खाली हॉर्न वाजवत असताना बाबांनी फळी टेबलावर ठेवली, पट्टीवर छाती टेकवली, उजवा हात पाहुण्यासारखा वर ठेवला आणि डाव्याने दांडा पुढे ढकलला. लाकडाची कुरळी वेटोळी वर आली.

"बाबा, झालं!"

"थांबा हो, आत्ता कुठे हात बसतोय."

भाचा रिकामा टेम्पो घेऊन गेला. मग आम्ही फळी उचलली.

आमच्या जेवणाच्या टेबलाला आता एक भोक आहे.