झाडाखालचे आंबे कोणाचे

निशिगंधाला उत्तर आधी सुचायचं आणि प्रश्न मागाहून. मालविक्री कायद्याच्या तासाला सुर्वेसरांनी प्रकरण सांगायला सुरुवात केली रे केली की ही मागच्या बाकावरून ओरडे, "विकणारा हरला, सर!"

"हरवा की खुशाल," सर म्हणत, "पण आधी काय घडलं ते सांगा. मग प्रश्न, मग नियम, मग तो नियम घडलेल्याला लावा. निकाल शेवटी येतो, बाई. त्याला दारातच पाट मांडू नका." वर्ग हसे. निशिगंधाही हसे आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच करी.

या आठवड्यात मात्र तिला हसू येत नव्हतं, कारण प्रकरण घरातलं होतं.

तिचे बाबा, गंगाराम, दरवर्षी लोकांच्या बागा आंब्याच्या हंगामापुरत्या घ्यायचे. झाडं मालकाची, त्यांवरचं पीक यांचं. यंदा संगमेश्वरच्या वाटेवरची यमुनाबाईंची बाग घेतली होती, पैसे आधीच देऊन. तोडणी तोंडावर आली आणि वादळाने बाग झोडपली. अर्ध्याहून जास्त आंबा खाली आला. आता हे नुकसान कोणी सोसायचं? कागद केलेला नव्हता, तशी रीतच नव्हती.

"तू शिकतेस ना गो? मग तू सांग," गंगाराम म्हणाले. "तू म्हणशील ते मी यमुनाकाकीला जाऊन सांगतो. ती नाय म्हणायची नाय."

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. एकट्या राहणाऱ्या यमुनाबाई खरंच नाही म्हणाल्या नसत्या. निशिगंधाच्या एका वाक्यावर त्यांनी पैसे परत केले असते, आणि ते वाक्य निशिगंधाला कधीचं पाठ होतं. बाबा हरता कामा नयेत. रात्रंदिवस राबणारा बाप तिने पाहिला होता.

ती घरात येरझाऱ्या घालू लागली. पुस्तक उघडी, मिटी, ओट्यावरचं पाणी पिई, पुन्हा उघडी. शेवटी जमलं. आंबा तोडला नव्हता, मोजला नव्हता, म्हणजे मालकी यमुनाबाईंकडेच राहिली. ज्याची मालकी त्याची जोखीम. संपलं! शिवाय तिला यमुनाबाईंचा रागही आला होता. वादळाच्या दुसऱ्या दिवशी ती बाबांबरोबर बागेत गेली होती, तेव्हा दारासमोर आंब्यांचा खच पडला होता आणि बाईंनी एकही उचलला नव्हता. लोणच्यापुरते तरी घ्यावेत! कुजले तरी चालतील, पण वाकायचं नाही, एवढा तोरा?

सकाळी तिने हे सगळं लिहिलेला कागद सरांपुढे ठेवला. सरांनी तो शांतपणे वाचला.

"नियम बरोबर आहे. पण हा नियम कधीचा? दोघांचं काही ठरलेलं नसेल तेव्हाचा. ठरलं असेल तर त्यांच्या मनात असेल तेव्हा मालकी जाते. मनातलं कशावरून ओळखायचं?"

"बोलण्यावरून, वागण्यावरून."

"मग ते यात कुठे आहे?"

"बोलणं काही झालंच नाही, सर. बाग घेतली त्या दिवशी नारळ दिला, गाऱ्हाणं घातलं, बस."

"गाऱ्हाण्यात काय म्हणाले?"

गाऱ्हाणं कोणी ऐकतं का? गुरव देवाला साकडं घालतो, आपण मध्ये मध्ये 'व्हय महाराजा' म्हणायचं आणि खोबऱ्याची वाट बघायची. देवाशी बोललेलं कायद्याच्या कागदात लिहायचं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

स्कूटरवरून घरी येताना मात्र ते शब्द तिच्या कानात आपोआप वाजू लागले. बागेच्या राखणदार देवाच्या दगडापुढे गुरव उभा, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला यमुनाबाई. "आजपासून ह्या झाडावर जे काय हाय ते गंगारामाचं! उभं असूदे नायतर पडूदे, गंगारामाचं! तेची तू राखण कर!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले होते. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता.

आणि मग ते न उचललेले आंबे तिच्या डोळ्यांसमोर आले. तिला रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवावी लागली. आपल्या रागाची तिला लाज वाटली.

गंगाराम धुतलेला सदरा घालून पडवीत तयार बसले होते. "काय म्हणतो गो कायदा?"

"बाबा, गाऱ्हाण्याला तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? सगळे म्हणतात तेच." टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "ते देवाच्या दारातलं. काकीला ते आठवायचंसुद्धा नाय."

"तिला आठवतंय," निशिगंधा म्हणाली. "आपणच विसरलो."

गंगारामांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि माळ्यावरून आंबे भरायचे रिकामे हारे काढू लागले.

बागेत पोचल्यावर दोघं वाकून वेचू लागले. अर्धे आंबे काळे पडले होते. दारात यमुनाबाई येऊन उभ्या राहिल्या.

"आलास गंगाराम? बरं झालं रे," त्या म्हणाल्या. "रोज वाट बघत होते. पोरं उचलायला आली ती हाकलली. मी एकाला हात नाय लावला हो तुझ्या."