धरणीमातेच्या पोटातली पिसं

ऑगस्टात धरणीमाता तोंड उघडते, हे तिउपंपा गावात कुणाला सांगावं लागत नाही. त्या पहाटे मात्र फौस्तिनोबाबाच्या वाफ्यातून तिचा श्वासच बाहेर पडत होता. ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा, कडाक्याची थंडी, आणि उकरलेल्या मातीतून चक्क वाफ! बायांनी कोकाची पानं वाहिली, मातीवर चिचा, म्हणजे मक्याची दारू, ओतली, दोघीतिघी तर रडल्याच.

"हात लावा, लेकरांनो! गरम आहे की नाही?" बाबा ओरडला. "आईचा हा श्वास मी पोत्यात भरून देतो. पाप्याच्या शेतात मात्र तो आग लावतो, आधीच सांगून ठेवतो!"

पीक आलं तर आईची कृपा, जळलं तर तुमचं पाप. कसंही झालं तरी तूप बाबाच्याच पोळीवर.

गर्दीच्या मागे नीकानोरा दातओठ खात उभी होती. मागच्या वर्षी तिनंही बाबाकडून पोतं विकत घेऊन ती माती लेट्यूसच्या रोपांना घातली आणि रोपं करपली. बाबानं तिला पापीण ठरवलं. गावातल्या पोरांना हगवण लागली, तर तीही म्हणे तिच्याच पापानं. बाजारातल्या बायांची म्होरकी एउसेबिया, तिनं नीकानोराची आईपासून चालत आलेली जागा काढून घेतली आणि तिला मुतारीच्या भिंतीशी बसवलं. तिथं कोण भाजी घेणार? रोज संध्याकाळी ती आपला पाला डुकरांना घालत होती.

पण उरलेलं अर्धं पोतं परसात भिजलं आणि एका गार सकाळी तेही वाफाळायला लागलं. ना मंत्र, ना कोका. तिनं आत हात घातला, तर हाताला पिसं लागली. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. तिला बाबा भर गर्दीत हवा होता.

"बाबा, पापिणीच्या परसातही आई श्वास सोडतेय," ती आता पुढे होऊन म्हणाली. "चला बघायला."

"तुझ्या परसात? सैतान असेल तो!"

"सैतान की आई, बघू तर खरं," एउसेबिया म्हणाली आणि सगळा घोळका तिकडं निघाला.

नीकानोराच्या खड्ड्यातून दुप्पट वाफ निघत होती. तिनं फावडं एउसेबियाच्या हातात दिलं. "खण."

वर आली ओली विष्ठा आणि पिसं. डोळ्यांत पाणी आणणारा वास सुटला.

"कोंबड्यांच्या शेडमधली ताजी घाण. ह्याच्या पोत्यात हीच निघाली, म्हणून मीच आणून पुरली," नीकानोरा म्हणाली. "ढिगात कुजायला लागली की ती तापते, कुणाच्याही दारात तापते. आणि ताजीच घातली तर कोवळी मुळं जाळते, पुण्यवानाचीसुद्धा! त्यातले जंतू पाल्यावर बसतात. पोरांना हगवण लागली ती त्यानं, आणि तुम्ही तीही माझ्याच माथी मारलीत. आता ह्याचा वाफा खणा."

घोळका परत वळला, तसा बाबा पुढे धावत जाऊन आपल्या वाफ्यावर आडवा पडला. "आईच्या पोटावर फावडं? हात झडतील!"

बायांनी त्याला बाजूला ओढलं. एउसेबियानं फावडं घातलं. तीच घाण, तीच पिसं. हात कुणाचाच झडला नाही.

"चुकलं गं आमचं," एउसेबिया पुटपुटली. "माफ कर."

"नाही करणार. माझी जागा दे. आणि ह्याला त्या मुतारीच्या भिंतीशी बसव, त्याच्या पोत्यांसकट."

बायांनी तसंच केलं. आता बाजाराच्या दिवशी नीकानोरा आपल्या जागेवरून ओरडते, "खत घाला, पण महिनोन्‌महिने कुजवून घाला! पाला धुऊन खा! आणि कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडायच्या आधी खणून बघा!"

गिऱ्हाईक समोरच उभं असतं, एवढं ओरडायची गरज नसते. पण भिंतीपर्यंत ऐकू जायला हवं ना.