ताईचा अर्ज

अर्ज सगळा भरून झाला होता, फक्त निबंध राहिला होता. ‘हाच अभ्यासक्रम का?’ एवढा साधा प्रश्न. धाकटी महिनाभर त्यावर अडून बसली होती. दोन ओळी लिहायची, तीन पुसायची.

कान तपासायचं शास्त्र शिकायला परदेशी जायचं, हे मुळात ताईचं ठरलं होतं. ताई एका दवाखान्यात लहान मुलांचे कान तपासायची आणि धाकटी तिथेच बाहेरच्या टेबलाशी बसून पेशंटची नावं लिहून घ्यायची. तीन वर्षांपूर्वी ताईला प्रवेशाचं पत्र आलं आणि अकराव्या दिवशी तिला ताप भरला. ताप मेंदूत गेला. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. पुढे धाकटीने सकाळी कॉलेज आणि दुपारी दवाखाना करत ताईचाच विषय घेऊन पदवी मिळवली आणि आता अर्जही ताईच्याच विद्यापीठाला करायला घेतला. कुणी तिला कारण विचारलं नाही, त्यामुळे तिनेही ते स्वतःला विचारलं नव्हतं.

मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा तिने कपाटातून ताईचा लॅपटॉप काढला. निबंध पहिल्याच फोल्डरमध्ये होता. ‘एक चार वर्षांची मुलगी माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी मागून पत्र्याचा डबा वाजवला. तिने मान वळवली नाही. तिची आई म्हणाली, हट्टी आहे हो जरा.’ ही मुलगी धाकटीला आठवत होती. तिचं नाव तिनेच लिहून घेतलं होतं.

मी पण तिथेच होते की, असं मनाशी म्हणत तिने निबंध जसाच्या तसा उतरवला, दोन तारखा बदलल्या आणि अर्ज पाठवून दिला.

तेव्हापासून काहीतरी बिनसलं. फोटो काढायला गेली, तर स्टुडिओवाला कॉम्प्युटरमध्ये शोधून म्हणाला, “तुमचा व्हिसाचा फोटो आहे की आमच्याकडे. काहीच बदलला नाहीत.” पडद्यावर ताई होती. धाकटीने दुसरा काढा एवढंच सांगितलं. तो कुणाचा, हे तिच्या तोंडून निघेना. कागदांवर सही करताना हात आपोआप ताईसारखा शेवटी खाली वळायला लागला. एकदा ती ताईच्या लॅपटॉपवर टाइप करत असताना आई दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ तशीच होती. मग म्हणाली, “काही नाही, चालू दे. आवाज आला म्हणून आले.”

मुलाखत व्हिडिओवर होती. समोर पांढऱ्या केसांच्या प्राध्यापक बाई. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

“ही डब्याचा आवाज न ऐकणारी मुलगी मी आधी वाचली आहे,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षांपूर्वी. त्या अर्जाला आम्ही प्रवेश दिला होता. ती विद्यार्थिनी आली नाही, तिने काही कळवलंही नाही. आडनावही तेच आहे. ती तुम्हीच का?”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. धाकटीला नंतर सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्याचीच. खोटं बोलण्याची नव्हे, तर ते ‘हो’ तिला क्षणभर खरं वाटलं होतं, त्याची.

“नाही,” ती म्हणाली. “ती माझी बहीण. ती गेली. निबंध तिचा आहे, मी चोरला.”

“आम्हाला कुणीच सांगितलं नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “पहिला आठवडाभर मी हजेरीत तिचं नाव घेत होते. एखाद्याचं विमान चुकतं, उशीर होतो, म्हणून.”

अर्ज फेटाळला गेला. ते होणारच होतं. पण घरी सांगणं भाग होतं. धाकटीने निबंध सांगितला, हजेरी सांगितली, काही लपवलं नाही. बाबा चष्मा पुसत बसले. बँकेला कळवलं, फोन कंपनीला कळवलं, तिकडे कळवायचं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं काहीसं ते पुटपुटले.

“माझ्या आलं होतं,” आई म्हणाली.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“मुद्दामच नाही कळवलं. म्हटलं, एका ठिकाणी तरी ती अजून यायची असू दे.”

बाबा उठून बाल्कनीत गेले. तिकडे रीतसर कळवू या का, हे धाकटीने आठ दिवस विचारलं नाही. नवव्या दिवशी आईच येऊन तिच्या शेजारी बसली आणि लिही म्हणाली. चार ओळींचं पत्र झालं. पाठवल्यावर आईने विचारलं, पोचलं का. धाकटी हो म्हणाली. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

पुढच्या वर्षी धाकटीने दुसऱ्या विद्यापीठाला अर्ज केला. निबंधात बाहेरच्या टेबलाबद्दल लिहिलं: मुलाला ऐकू येत नाही हे ज्यांना नुकतंच कळलंय, ते आईबाप बाहेर येऊन पहिलं वाक्य काय बोलतात, ते. निबंध वेडावाकडा होता, पण तिचा होता. प्रवेश मिळाला, ती गेली.

आईचा फोन रोज यायचा. थंडी, जेवण, झोप. तिसऱ्या महिन्यात आईने सहज विचारल्यासारखं विचारलं, “ताईचं विद्यापीठ तुझ्यापासून किती लांब?”

“गाडीने चार तास.”

“एकदा जाऊन ये.”

ती गेली. बाई निवृत्त झाल्या होत्या. त्या जिथे हजेरी घ्यायच्या, तो वर्ग ऑफिसातल्या माणसाने दाखवला. तास सुरू व्हायचा होता, पोरं आत शिरत होती. एकीने दार धरून ठेवत विचारलं, आत यायचंय का. धाकटी नाही म्हणाली. दार लागलं. काचेतून ती बघत राहिली, मग व्हरांड्याच्या टोकाला जाऊन आईला फोन लावला.

“बघितलास वर्ग?”

“बघितला.”

“खिडकी आहे का?”

“दोन आहेत.”

“ऊन येतं?”

“हो,” धाकटी म्हणाली. “येतं.”