सेन्सॉरबाईंचा निकाल

"एक द्या. शेवटची रांग, कडेची खुर्ची."

तिकीट खिडकीतून बाहेर आलं, त्यानं ते सवयीनं वरच्या खिशात घातलं आणि वळला, तर मागे बायको उभी. ठेवणीतले कपडे, नीट विंचरलेले केस, दोन्ही हातांनी धरलेली पर्स. गर्दीत कुणाला आडवं येऊ नये म्हणून माणूस सरकतो, तशी ती बाजूला सरकली.

"अरे देवा," तो पुटपुटला आणि पुन्हा खिडकीत वाकला. "अजून एक. त्याच्याच शेजारची."

खिडकीतली बाई त्याला चांगली ओळखत होती. "आज जोडीनं? सूर्य कुठून उगवला म्हणायचा! मग पोरीजवळ कोण?"

"आहे," तो म्हणाला. "आहे कुणीतरी."

बायकोनं ते ऐकलं. ऐकून ती भिंतीवरच्या जाहिरातीकडे बघत राहिली.

तो लिफ्टचा मेकॅनिक. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या माथ्यावरच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेलेल्या, पण स्वतः राहायचा तळमजल्यावर, कारण पोरगी. लहानपणीच तिच्या स्नायूंनी संप पुकारला तो कायमचा. आधी पाय गेले, मग हात, आणि पुढे पुढे मानेखालची उशीसुद्धा दुसऱ्यानं सरकवायची. जीभ मात्र अशी शाबूत, की शेजारपाजारचे तिच्यापुढे बोलताना आधी दोनदा विचार करायचे.

घरात एकानं तिच्याजवळ थांबायचंच, हे ठरलेलं. म्हणून नवराबायको कधी एकत्र कुठे गेले नाहीत. लग्नाला गेला तर तो, बारशाला गेली तर ती. आणि सिनेमा? रविवारी सकाळच्या खेळाला एकानं जायचं, धावतपळत घरी यायचं, खाटेशेजारच्या स्टुलावर बसून अख्खी गोष्ट पोरीला सांगायची. मग ती निकाल द्यायची. निकाल पास, तर दुसऱ्यानं संध्याकाळच्या खेळाला जायचं आणि येऊन आपल्या परीनं पुन्हा सगळी गोष्ट सांगायची.

"अगं, टीव्हीवर येईल ना दोन महिन्यांनी, तेव्हा बघू की सगळे," तो म्हणायचा.

"टीव्हीवर सगळ्यांनाच दिसतो," ती म्हणायची. "तुझ्या तोंडचा फक्त मला. आणि लवकर येत जा रे बाबा. गार झालेला सिनेमा मला चालत नाही."

तिचे निकाल तीनच. 'बघ.' नाहीतर 'जाऊ नकोस, झोप काढ.' आणि तिसरा, 'बघ, पण रुमाल घेऊन जा.' या निकालांची कीर्ती इतकी पसरली, की कामावरचे लोक सोमवारी डबा उघडायच्या आधी त्याला गाठायचे. "काय हो, सेन्सॉरबाई काय म्हणतात? बायकोला घेऊन जाऊ का झोप काढू?" तोही ऐटीत सांगायचा. पोरगी कधी घराबाहेर पडली नाही, पण तिच्या शब्दावर माणसं सुट्टीचा दिवस ठरवतात, याचा त्याला केवढा अभिमान! तिच्या आयुष्यातली तेवढीच काय ती सत्ता होती.

एक लबाडी मात्र दोघंही करायचे. सिनेमात कुणी मेलं, तर पोरीला सांगायचं नाही. आपसात कधी ठरलं नव्हतं, जो तो आपल्या मनानं शेवट बदलायचा. आणि तिथेच पकडले जायचे.

"आईच्या सिनेमात ती लग्न करून परदेशात गेली," पोरगी छताकडे बघत म्हणायची. "तुझ्या सिनेमात तिनं शाळा काढली. म्हणजे मेली बिचारी. अरे, एकदा तरी दोघं बसून ठरवत जा, काय खोटं बोलायचं ते!"

मग तिघं हसत सुटायचे. तिला हसताना धाप लागायची, तरी हसायचे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती दवाखान्यात गेली. तिथेही पाळ्याच. दिवसा आई, रात्री बाप. एका संध्याकाळी पाळी बदलून तो आत गेला. डॉक्टरांनी त्याला जिन्यात गाठून जे सांगायचं ते सांगून टाकलेलं. खाटेजवळ बसून तो म्हणाला, "नवीन औषध मागवलंय बरं का. पंधरा दिवस इथेच राहावं लागेल, पण गुण येईल म्हणतात."

पोरीनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "आई आत्ताच म्हणाली, सोमवारी घरी सोडणार." मग ती हसली. "शेवट जुळत नाहीये रे बाबा तुमचा."

तो चादरीचं टोक सारखं करत राहिला. तिनंच त्याला सोडवलं. "जाऊ दे. एखादा सिनेमा सांग. जुना असला तरी चालेल."

सोमवार उजाडायच्या आत ती गेली.

तेव्हापासून घरात बोलणं म्हणजे 'चहा ठेवू?' आणि 'ठेव.' समोरच्या खोलीत खाट तशीच, चादर रोज झटकलेली, स्टूल शेजारी. 'गेली' हा शब्द दोघांपैकी कुणीही काढला नव्हता. 'त्या दिवसापासून' असं म्हणायचे, नाहीतर तेही नाही. त्याला वाटायचं, आपण तोंड उघडलं नसतं, तर पोरीला कळलं नसतं. चार दिवस का होईना, घरी जायच्या आशेवर राहिली असती. हे बायकोला कसं सांगणार? आणि त्याहून मोठी भीती दुसरीच होती. इतकी वर्षं दोघं बोलले ते पोरीच्या खाटेवरून, या बाजूनं त्या बाजूला. मधली खाट रिकामी झाल्यावर आपल्याजवळ एकमेकांना सांगण्यासारखं काही उरलंय का, हेच त्याला कळेना.

मग मेव्हणा आला. मनानं सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. "दोघं घरात बसून कुजताय नुसते! आता मोकळे झालात ना? मग जा की जोडीनं. तो म्हाताऱ्याचा आणि खेचराचा सिनेमा लागलाय. मी मध्यंतरापर्यंत पाहिला, पुढे कामाचा फोन आला. पण काय सांगू! हसून हसून पोट दुखतं. माझं ऐका, चुकवू नका."

'मोकळे' या शब्दावर बायकोनं हातातलं शिवण खाली ठेवलं होतं. पण म्हणाली, "जाऊन येऊ."

असे ते आले होते.

दिवे मालवले. पडद्यावर एक म्हातारा बरण्या विकत गावोगाव हिंडत होता, आणि त्याचं खेचर भलतंच आगाऊ. चढ आला की बसायचं, उतार आला की पळायचं, आणि म्हाताऱ्यानं गिऱ्हाइकाला खोटी किंमत सांगितली की मान हलवून नाही म्हणायचं. लोक खुर्च्यांवरून पडायच्या बेतात. तोही हसला. हसता हसता मनात जुळवाजुळव सुरू झाली. ही मान हलवण्याची गंमत आधी नाही सांगायची, राखून ठेवायची. बसतं कसं ते स्टुलावरून उठून करूनच दाखवायचं. ती म्हणेल, 'खेचर म्हणजे तूच रे बाबा, चढ आला की...'

आणि त्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर गच्च आवळला.

त्यानं हळूच शेजारी पाहिलं. बायको हसत नव्हती. तिचे ओठ बारीक हलत होते. ती पण पाठ करत होती.

मध्यंतराचे दिवे लागले. लोक उठले, पोरं खाऊसाठी पळाली. हे दोघं बसून राहिले.

"घरी जाऊन काय बोलायचं गं?" तो म्हणाला. "दोघांनी पाहिलाय."

बायकोनं पर्सचा बंद उघडला, लावला. म्हणाली, "हो ना."

तो उठला. "तू बघ पुढचा. मी बाहेर बसतो. आल्यावर मला सांग."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, वेड लागलंय का तुम्हाला? ती म्हणाली, "बरं. नीट बघते."

बाहेर जिन्याखाली बाक होता. दारावर तिकिटं फाडणारा म्हातारा दार लावून त्याच्याजवळ येऊन टेकला. त्याचीही वर्षानुवर्षांची ओळख, आणि सेन्सॉरबाईंच्या निकालाची त्यालाही चौकशी असायची.

"का हो, बाहेर का? नाही आवडला?"

"आवडला. डोकं जरा धरलंय."

"बरं झालं बाहेर आलात. पुढे रडारड आहे. खेचर मरतं शेवटी. म्हाताऱ्याला पुरात बाहेर काढतं आणि स्वतः... रोज बघतोय, धडधाकट बाप्ये नाक शिंकरत बाहेर येतात." दारावरच्यानं आवाज खाली आणला. "पण तुम्ही बाईंना कुठे सांगणार म्हणा! बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," तो म्हणाला. आणि म्हणाल्यावर त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की तो बुटांकडे बघत राहिला. आतून लोकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मग तो कमी कमी होत गेला आणि बंदच पडला.

सिनेमा सुटला. लोक खरोखरच नाक ओढत बाहेर आले. सगळ्यात शेवटी बायको आली. डोळे पुसून, तोंडावरून पाणी फिरवून आलेली. त्याच्याशेजारी बाकावर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. स्टुलावर बसायची तशीच.

"हं," तो म्हणाला. "सांग."

तिनं सांगितलं. काय सांगितलं! म्हाताऱ्याची बरण्यांची गाडी कशी उलटते, खेचर जत्रेत कसं हरवतं, म्हातारा दुसऱ्याच खेचराला हाक मारून कसा माफी मागतो. तो हसला. खरंच हसला, आणि म्हणाला, "मग?" पोरगी म्हणायची तसंच.

"मग पूर येतो. दोघं सापडतात त्यात. पण निघतात बाहेर. म्हातारा त्याला घरी घेऊन येतो आणि दारातच बांधतो. आता बरण्या विकायच्या नाहीत म्हणतो. पुष्कळ झालं."

ती सरळ समोर बघत होती. याच्यासाठी शेवट बदलला होता तिनं. याचा जीव दुखू नये म्हणून. तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही एवढंच त्याच्या मनात आलं, आणि तो घाईघाईनं बोलून गेला, "हो, दारावरचा पण म्हणाला. जगतं म्हणे. नदीपलीकडे कुणाच्या तरी मळ्यात ठेवतो त्याला. गवत भरपूर आहे तिथे."

वर पंखा कुरकुरत होता. कुणीतरी आत खुर्च्यांखालचा कचरा लोटत होतं.

"म्हणजे मेलं," बायको म्हणाली.

त्यानं मान डोलावली.

"मला म्हणाली होती ती," बायको म्हणाली. "दवाखान्यात. शेवटच्या दिवशी सकाळी. शेवट जुळत नाहीये तुमचा. मी सोमवार म्हणाले म्हणून कळलं तिला. मी गप्प बसले असते तर..."

"अगं, मी!" त्याचा आवाज फाटला. "मी पंधरा दिवस म्हणालो. मला पण तेच म्हणाली. मला वाटत होतं माझ्यामुळे..."

एवढे दिवस एकाच छपराखाली तोच धोंडा दोघांनी वेगवेगळा उचलला होता.

दारावरचा म्हातारा हातात कुलपं घेऊन आला. दोघांना असं बसलेलं पाहून त्याला आपलं वाटलं, सिनेमाचंच काहीतरी. हसून म्हणाला, "काय, चांगला आहे ना? मग बाईंना काय सांगायचं ठरलं?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, तुम्ही बोला.

"ती गेली हो," तो म्हणाला. "उन्हाळ्यात. मघाशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. गेली आमची पोर."

शब्द तोंडातून निघाला. बायकोनं पर्समधून रुमाल काढला, आधी त्याला दिला, मग त्याच्याच हातातल्या रुमालाचं टोक ओढून आपले डोळे पुसले. म्हातारा कुलपं घेऊन उभाच राहिला. अखेर म्हणाला, "बसा. बसा निवांत. मला काही घाई नाही."

बाहेर पडले तेव्हा उन्हं उतरली होती. रस्ता नेहमीचा. पेपरवाल्याचं दुकान, सायकलींचा कट्टा, मग उजवीकडचं वळण. दोघंही भरभर चालले होते. इतकी वर्षं याच रस्त्यानं एकेकटे असेच धावत गेलेले, सिनेमा गार व्हायच्या आत घर गाठायचं म्हणून. वळणाशी आल्यावर बायकोला धाप लागली. तिनं त्याच्या बाहीला धरलं.

"अहो, हळू चला," ती म्हणाली. "कुणी वाट बघत नाहीये."

तो थांबला. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत उभा राहिला. मग दोघं सावकाश घराकडे निघाले. सायकलींच्या कट्ट्यावरच्या कुणीतरी लांबूनच ओरडून विचारलं, कसा आहे सिनेमा? तिनं रुमाल धरलेला हात वर करून दाखवला.