अश्विनचा डावा हात

आमचा अल्बम आजवर किती जणांनी ऐकला असेल? एखाद्या लग्नाच्या एका पंगतीत बसतील एवढ्यांनी, त्यातही दोन पाट रिकामे राहतील. नागपूरच्या चार जणांनी २०१० साली सदरमधल्या एका दुकानावरच्या खोलीत पॉवर मेटलचा अल्बम केला, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पॉवर मेटल म्हणजे काय ते विचारतात. धावत्या घोड्यासारखे ड्रम, गिटार, आभाळाला हात लावणारा गळा, आणि गाण्यांत राजे, किल्ले, तलवारी. युरोपातले लोक त्यांच्या राजांवर गाणी करतात, आम्ही आमच्या गोंडराजावर केली. अल्बमचं नाव 'बारा गावांचा राजा'. बारा वस्त्या जोडून हे शहर वसवणाऱ्यावर नऊ गाणी, आणि तीही हिंदीत, कारण नागपूरचा माणूस चिडला की हिंदीतच बोलतो.

गिटार आणि सगळ्या आवाजांची शेवटची जुळणी माझी, म्हणजे जितेंद्रची. गाणारा धर्मेंद्र. ड्रमवाला पुढे पुण्याला गेला, त्याचं इथे काही काम नाही. आणि पियानो, की-बोर्ड वाजवणारा अश्विन. खरं सांगायचं तर अल्बम म्हणजे त्याचं लग्न होतं, आम्ही नुसते वऱ्हाडी होतो.

तुम्ही मेटल ऐकत नसाल तरी सातवं गाणं ऐका. 'नाग नदी'. आता जिला आपण नाक दाबून नाला म्हणतो, तिच्यावरचं. पहिली पावणेदोन मिनिटं फक्त पियानो आहे. डावा हात खाली तेच पाच सूर फिरवत राहतो आणि उजवा वर एक चाल वाजवतो, एवढी सोपी की आपल्यालाही येईल असं वाटतं. तिसऱ्या फेरीला ती चाल एक पायरी वर चढते आणि ड्रम कोसळतात. मधे की-बोर्ड आणि गिटारची शर्यत आहे. ती मी दरवेळी हरतो, आणि तरी मला आनंद होतो. माझ्यासारख्या खडूस माणसाला आनंद होतो, यावरून काय ते समजा.

सहा वर्षांपूर्वी ब्राझीलच्या कुणा माणसाने या अल्बमवर चार परिच्छेद लिहिले. की-बोर्डवाल्याबद्दल म्हटलं होतं की एक सूर इकडचा तिकडे नाही, हा माणसाचा हात वाटतच नाही. मी ते छापून, फ्रेम करून माझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओत लावलं. अश्विनलाही पाठवलं. त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. मला राग आला. म्हटलं, याला कशाची कदर म्हणून नाही.

ब्राझीलवाल्याचं खरं होतं. तो माणसाचा हात नव्हताच.

अश्विन पेटीवर शिकलेला. त्याचे वडील रुपराव भीमगीतं गायचे. एप्रिलमध्ये त्यांना घरी जेवायलाही वेळ नसायचा, इतके कार्यक्रम. नंदनवन वस्तीतल्या घरी त्यांची पेटी असायची आणि अश्विन पाचव्या वर्षापासून तिच्यापुढे बसलेला. आता पेटीत उजवा हात वाजवतो आणि डावा भाता हलवतो. हवा देणं एवढंच डाव्याचं काम. एकोणिसाव्या वर्षी की-बोर्ड घेतल्यावर त्याच्या डाव्या हाताला पहिल्यांदा सूर वाजवावे लागले. तो हात शिकला, पण शेवटपर्यंत किंचित मागून यायचा. डोळ्याची पापणी लवते ना, त्याहून कमी वेळ. सोबत वाजवताना मला ते जाणवायचं आणि माझं डोकं फिरायचं.

की-बोर्डचा आवाज आम्ही माईकने घेतला नव्हता. वायर सरळ कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर फक्त कोणती पट्टी कधी दाबली ते लिहून ठेवतो, पियानोचा आवाज नंतर चढवायचा. पडद्यावर तालाच्या उभ्या रेघा असतात आणि अश्विनचे डाव्या हाताचे सूर सगळे त्या रेघा ओलांडून जरा उजवीकडे उतरलेले दिसायचे, उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे. एक बटण दाबलं की प्रत्येक सूर जवळच्या रेघेवर जाऊन बसतो. आमच्या धंद्यात त्याला 'बसवणं' म्हणतात.

मी नऊच्या नऊ गाणी बसवली. अश्विनला विचारलं नाही, सांगितलंही नाही. उलट मनात म्हटलं, बिचाऱ्याची चूक झाकली, उपकारच केले. आणि त्याच फाईलवर सेव्ह केलं. जुनी प्रत वेगळी ठेवावी हे आता मी जगाला शिकवतो.

सीडी आली तेव्हा अश्विन म्हणाला, "छान झालं गा." त्यानंतर तो सरावाला आला नाही. विमा कंपनीत लागला होता, वेळ नाही म्हणे. लग्नही केलं नाही, वाजवलंही नाही. पंधरा वर्षं मी चारचौघांत सांगत आलो की अश्विन आळशी निघाला, एवढी कला आणि मातीत घातली. या मार्चमध्ये ऑफिसचा जिना चढताना त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता.

पुण्यानुमोदनाला मी गेलो. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली अश्विनचा फोटो होता, रुपरावांच्या फोटोशेजारी. भंतेजींनी वंदना घेतली, जेवणं झाली, लोक पांगले. अश्विनच्या आईने, वच्छलाकाकूंनी, मला हात धरून खाली बसवलं.

"जितू, त्याचं ते गाणं लाव ना गा. बाज्याचं. पंधरा वर्सं झाली, त्याचा हात ऐकला नाही मी."

मी तयारीनेच गेलो होतो. चांगला स्पीकर नेला होता. आता काकू रडतील, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवीन, असं सगळं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. 'नाग नदी' लावलं. काकू डोळे मिटून ऐकू लागल्या. मिनिटभराने त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं, जणू कुणी चुकीच्या घरात शिरलं होतं.

"हे कोन वाजवून राहिलं?"

"अश्विनच आहे काकू."

"नाही गा. अश्विनचा डावा मांगून येते. त्याचा बाप इतका ओरडे त्याच्यावर, तरी मांगूनच येये. मी चुलीपाशी बसून वीस वर्सं ऐकलं त्याले."

मी काहीतरी बोललो. रेकॉर्डिंगमध्ये आवाज बदलतो, स्पीकर लहान आहे, असलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. काकूंनी मला बोलू दिलं.

"त्यानंबी असंच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "सीडी आनली तं इथंच बसून, कानाले लावून एकट्यानंच ऐकली. मले म्हणे, आई, हा मी नाही. मी म्हटलं, मंग जितूले विचार. तं म्हणे, काय विचारू, चांगलं झालं आहे. जसं पाह्यजे होतं तसं झालं आहे. दोन दिस जेवला नाही. मंग बाजा कपड्यात बांधून कपाटावर ठेवून देल्ला."

कपाटावर की-बोर्डचं ते गाठोडं अजून होतं. मी पाहिलं.

"मले वाटलं तुमचं आपसात ठरलं असन," काकू म्हणाल्या. "नाही ठरलं होतं काय?"

मी मान हलवली. नाही. मला तोंड वर करवेना. पंधरा वर्षं ज्याला आळशी म्हणत होतो तो माझ्यामुळे उठून गेला होता, तोही मला एक शब्द न बोलता, आणि माझ्याच कामाला चांगलं म्हणून. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"काकू, मी त्याचा हात शोधून आणतो," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते माझं मला माहीत नाही.

"आन," त्या म्हणाल्या. "लवकर आन. मलेबी आता कमी ऐकू येते."

जुनी हार्ड डिस्क स्टुडिओच्या माळ्यावर होती. चार दिवस तिने दाद दिली नाही, पाचव्या दिवशी उघडली. सातव्या गाण्याची फाईल होती. पियानो होता, आणि प्रत्येक सूर रेघेवर बसलेला होता, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखा. मागे जायचं बटण पंधरा वर्षं मागे जात नाही. मी धर्मेंद्रला फोन केला. त्याच्याकडे सरावाची एखादी क्लिप, जुना मोबाइल, काही तरी असेल. तो आता कोराडी रोडला टाइल्सचं दुकान चालवतो.

"मोबाइल कवाचा गेला गा," तो म्हणाला. "माह्यं कच्चं गायलेलं आहे काय पाह्य. मी तं तिथंच उभा होतो."

कच्चं गाणं म्हणजे असं की, अश्विन वाजवत असताना धर्मेंद्र त्याच खोलीत माईकसमोर उभा राहून नुसतं अंदाजाने गायचा, कुठे काय येतं हे सगळ्यांना कळावं म्हणून. अल्बममध्ये ते नसतं. काम झालं की फेकायचं असतं. मी कंटाळा केला म्हणून ते राहिलं होतं. पण त्यात पियानो कुठून येणार? पियानो तर हेडफोनच्या आतच वाजत होता, खोलीत नव्हता.

तरी लावलं. पहिली पावणेदोन मिनिटं धर्मेंद्रला गायचं नव्हतं, तो गप्प उभा होता. पंख्याची घरघर. धर्मेंद्रचा खोकला. आणि मग, आवाज वाढवल्यावर, ठक. ठकठक. ठक.

पट्ट्या होत्या. की-बोर्डच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर बोटं पडत होती. सूर एकही नाही, नुसती बोटं. डावीकडच्या पट्ट्या ढिल्या झाल्या होत्या, त्यांचा आवाज जाड यायचा, उजवीकडचा बारीक. बारीक आधी पडायचा. जाड मागून. प्रत्येक वेळी तेवढाच मागून, एकदाही चुकून वेळेवर नाही. मग मला कळलं की तो उशीर नव्हता. तो भात्याचा हात होता. आधी सूर लागतो आणि मग त्याला हवा मिळत राहते, तसं तो वाजवत होता. त्या पाच सुरांत नदी हलत होती ती यामुळे, आणि मी तिला फरशीवर सांडलेल्या पाण्यासारखी सपाट करून ठेवली होती. त्या दिवशी स्टुडिओत मी एकटाच होतो. खूप रडलो, ते लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदनवनात गेलो. काकूंना मोठे हेडफोन घातले. त्यांच्या डोक्यावरून ते घसरत होते, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवले.

"यात सूर नाहीत काकू," मी आधीच सांगितलं. "नुसती बोटं ऐकू येतील. सूर होते, ते मी खोडले. त्याला न विचारता खोडले."

त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. मी सुरू केलं. धर्मेंद्रचा खोकला आला तशा त्या दचकल्या. मग ठक सुरू झालं आणि त्यांचा चेहरा बदलला. ओठ हलायला लागले. ती चाल त्या पुटपुटत होत्या, सूर नसलेल्या जागी आपले सूर घालत. डावा मागून आला की मान किंचित खाली जायची. पावणेदोन मिनिटं संपली, धर्मेंद्र ओरडायला लागला, मी थांबवलं.

"हा आहे," काकू म्हणाल्या. "हाच आहे माहा पोरगा."

मला एकदम हुरूप आला. माझी जातच तशी. कुठे काही मोडलेलं दिसलं की हात शिवशिवतात.

"काकू, आता मला कळलं तो कुठे किती मागे होता," मी म्हणालो. "या आवाजावरून एकेक सूर मोजून परत त्याच्या जागी बसवतो. आठ दिवस द्या. खरा पियानो ऐकू येईल, अगदी त्याने वाजवला तसा."

काकूंनी एका कानावरचा हेडफोन जरा बाजूला केला. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं.

"नको बाबू," त्या म्हणाल्या. "तू त्याले आता काही बसवू नको."

मग त्यांनी हेडफोन परत कानावर ओढला आणि बोटाने खूण केली. मी पहिल्यापासून लावलं.